भिशीच्या पैशांचे एक वर्ष : सोलापूरच्या पूर्व भागातील एका महिला समुपदेशन केंद्राविषयी

केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि त्याला कठडा फक्त पहिल्या वळणापर्यंत आहे. मार खाऊन आलेल्या, कधी पाय मुरगळलेल्या, कधी कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया जिथे येणार, तिथे असला जिना असू नये, हे मी पहिल्याच भेटीत वहीत लिहून ठेवले होते आणि वर्षभरानंतरही माझे मत बदललेले नाही. तरीही कौटुंबिक हिंसाचाराच्या विरोधातील कामाला चार पैसे द्यायचे असतील तर सोलापुरात कुठे द्यावेत, असे कुणी विचारले तर मी याच जिन्याकडे बोट दाखवते. असे का, आणि कोणत्या कुरबुरींसह, ते येथे सविस्तर लिहिते. केंद्राचे नाव व पत्ता मात्र देत नाही. तिथे येणाऱ्या बायकांचे नवरे आणि दीरही वाचतात.

आमची भिशी अकरा जणींची आहे. बहुतेक जणी जुळे सोलापूर आणि विजापूर रस्ता या भागात राहणाऱ्या, निम्म्या निवृत्त झालेल्या. मी स्वतः एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. मागच्या वर्षीच्या संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा ऐन भरात असताना, आम्ही हळदीकुंकवाला जमलो होतो आणि वाण म्हणून पुन्हा एकदा स्टीलच्या वाट्या आल्या होत्या. या वाट्यांचा प्रत्येकीच्या घरी ढीग झाला आहे, तेव्हा पुढच्या वर्षी वाण लुटायचे नाही, त्याऐवजी दर महिन्याला प्रत्येकीने ५०० रुपये कुठल्या तरी कामाला द्यायचे, असा विचार निघाला. त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकीने तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना या केंद्रात नेले होते, म्हणून नाव पुढे आले. महिन्याचे ५,५००, वर्षाचे ६६,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण एखाद्या छोट्या संस्थेला कळेल इतकी आहे.

विरोध झालाच. "घरे मोडायला पैसे द्यायचे का?" असे एक जण स्पष्ट म्हणाली. दुसरीचे म्हणणे होते, की त्यापेक्षा दोन शिलाई मशीन देऊ, निदान देताना फोटो तरी निघेल. हसू आले तरी हे दुसरे मत मी गंभीरपणे घेतले, कारण कर्ज विभागात मीही हेच करत होते. दिसणाऱ्या वस्तूवर कर्ज लगेच मंजूर होई. खेळत्या भांडवलाची मागणी आली की आम्ही दहा कागद मागत असू. देणगी देणाऱ्यांचेही असेच असते, हे मला या वर्षात पुरेपूर कळले.

पैसे देण्यापूर्वी मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणाहून गुळगुळीत कागदावर छापलेला, फोटोंनी भरलेला वार्षिक अहवाल आला. हिशेब मागितला, तेव्हा "पाठवतो" असे उत्तर मिळाले आणि तो आजतागायत आलेला नाही. या केंद्रात मात्र मी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचे प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि ८०जीचा, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारा, आदेश मागितला, तेव्हा समोरच्या ताईंनी कपाटातून फाईल काढून माझ्यासमोर ठेवली आणि त्या दुसऱ्या कामाला निघून गेल्या. ताळेबंदात शिल्लक फारशी नव्हती. खर्चात सर्वांत मोठा आकडा मानधनाचा होता. नवख्या माणसाला हे पाहून "सगळा पैसा पगारातच जातो" असे वाटेल. मलाही क्षणभर वाटले.

ते वाटणे पुढच्याच गुरुवारी गेले. वकील गुरुवारी येतात म्हणून मीही त्या दिवशी गेले होते आणि बाहेरच्या खोलीतील बाकावर बसले होते. साधारण तिशीच्या एक बाई आल्या. विड्या वळून वळून त्यांच्या बोटांची टोके पिवळसर पडली होती, तंबाखूचा वास होता, आणि साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगमध्ये त्यांनी लग्नपत्रिका, बँकेचे पासबुक आणि मुलाचा जन्मदाखला आणला होता. कारखान्यात विड्या द्यायला जाते असे सांगून त्या घरातून निघाल्या होत्या. पूर्व भागातील कितीतरी घरांत बाईला एकटीने बाहेर पडायचे एवढेच निमित्त असते. समुपदेशक ताईंनी ना नाव विचारले ना तक्रार, "तिन्नावा, अम्मा?" एवढेच विचारले. जेवलीस का. बाई काही बोलल्या नाहीत, पण कॅरीबॅग घट्ट धरलेला हात सैल झाला. मग दोघी आत गेल्या आणि आतून दार लागले.

ते दार माझ्या तोंडावर बंद झाले याचे मला त्या क्षणी थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. देणगीदार म्हणून मला काहीतरी पाहायला, ऐकायला मिळेल अशी सुप्त अपेक्षा होती. वर्षभरात एकाही प्रकरणाची कहाणी मला नावानिशी सांगितली गेली नाही, एकाही बाईंना माझ्यासमोर उभे करून आभार मानायला लावले गेले नाही, आणि भिशीतील मैत्रिणींनी "एखादीला भेटता येईल का?" असे विचारले, तेव्हा ताईंनी शांतपणे नकार दिला. या सेवेचे गुण द्यायचे झाले तर सर्वाधिक गुण मी त्या बंद दाराला देईन. केंद्राचा फोन नंबरही बायका मोबाइलमध्ये एका निरुपद्रवी नावाने साठवतात. ते नाव येथे लिहिले तर त्याचा उपयोग संपेल.

आत काय चालते ते प्रकरणांच्या तपशिलाशिवाय मला समजावून सांगितले गेले, आणि तेवढे मला पुरले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार बाई न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणाचा, राहत्या घरातून न काढण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या ताब्याचा आदेश मागू शकते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्याने मानला आहे. पहिल्या सुनावणीची तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही कायद्यात लिहिले आहे. लिहिलेले आणि घडणारे यांच्यातले अंतर ज्याने एकदा तरी न्यायालयाची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको. त्या अंतरात बाईला तारखेची आठवण करून देणे, आदल्या दिवशी फोन करणे, कागदांच्या तीन-तीन प्रती काढणे, संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटनेचा अहवाल वेळेत गेला का ते पाहणे, आणि तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात तिच्याशेजारी बसून राहणे, हे केंद्राचे खरे काम आहे. वकिलाची फी हाच मोठा प्रश्न असेल असे मला आधी वाटत होते. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. अडते ते रिक्षाभाड्यावर आणि बुडालेल्या मजुरीवर. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरे आहेत. तिथल्या बाईला न्यायालयात यायचे म्हणजे जाण्यायेण्याचे पैसे, अर्धा दिवस आणि त्या दिवसाच्या न वळलेल्या विड्या.

सहा महिन्यांनी केंद्राने आम्हाला एका पानाचा हिशेब दिला. हाताने लिहिलेला, पण नीट. मानधनाचा एक वाटा, झेरॉक्स व टंकलेखन, प्रवास, फोन रिचार्ज, सॅनिटरी पॅड, बिस्किटे. त्यात एक नोंद होती : कुलूप व कोयंडा, ३८० रुपये. मी चौकशी केली तेव्हा कळले, की एक बाई मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती आणि खोलीच्या दाराला आतून लावायला काही नव्हते. पहिल्या रात्री दोघी दाराला ट्रंक लावून झोपल्या. दुसऱ्या दिवशी केंद्रातील कार्यकर्ती कुलूप, कोयंडा आणि सुताराला घेऊन गेली.

माझ्या नोकरीत मी शेकडो प्रकल्प अहवाल वाचले. त्यांपैकी एकातही कुलपासाठी रकाना नव्हता. ज्या कंपन्या आणि मोठ्या देणगीदार संस्था अशा कामाला पैसे देतात त्यांच्या अर्जातही तो नसतो. तिथे किती प्रशिक्षणे झाली, किती महिला उपस्थित होत्या, किती मेळावे झाले, हे विचारले जाते. आम्ही पैसे देताना "कोणत्याही कामासाठी वापरा" असे लेखी दिले होते म्हणून कुलूप आले. ही अट न घालण्याची अट मला सुचली नव्हती, ती केंद्रातील ताईंनीच मागितली होती, आणि तेव्हा मी भुवया उंचावल्या होत्या हेही नोंदवून ठेवते.

आता मोठ्या दोषाकडे येते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा रोजच्या व्यवहारात आहेत, आणि मार खाल्लेली बाई आपली गोष्ट सांगते ती आईच्या भाषेत. केंद्रात तेलुगू बोलणाऱ्या ताई आहेत, उर्दू समजणाऱ्या एक कार्यकर्त्या आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून येणाऱ्या कन्नड भाषक बायकांसाठीही एक समुपदेशक होत्या. त्यांचे मानधन एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून येत होते. तो प्रकल्प एक वर्षाचा होता, ३१ मार्चला संपला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने स्वयंरोजगार प्रशिक्षणाला प्राधान्य द्यायचे ठरवले. कंपनीने काही बेकायदा केले नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, स्त्री-पुरुष समानता हा विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि त्यातील कोणता प्रकल्प निवडायचा हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. पण समुपदेशक ताई एप्रिलमध्ये दुसरीकडे नोकरीला लागल्या.

जून महिन्यात मी केंद्रात असताना एक बाई आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी आली. आईला कन्नडशिवाय काही येत नव्हते. मुलगी मराठी शाळेत शिकलेली होती. आईने एक वाक्य बोलायचे आणि मुलीने ते खाली मान घालून मराठीत सांगायचे, असे पाच-सात मिनिटे चालले, आणि एका वाक्यानंतर मुलगी थांबली. तिने ते वाक्य सांगितलेच नाही. ताईंनी लगेच बोलणे थांबवले, मुलीला बाहेर माझ्याजवळ बसवले आणि फोन करून त्या जुन्या समुपदेशकांना स्पीकरवर घेतले. त्यांनी नव्या नोकरीच्या जेवणाच्या सुट्टीत, विनामोबदला, अर्धा तास ऐकून घेतले. मुलगी माझ्याशेजारी बसून बाकाच्या सुटलेल्या पट्टीशी खेळत होती. मी तिला काही विचारले नाही. सेवेचे परीक्षण म्हणून हा प्रसंग मी केंद्राच्या विरोधात नोंदवते, कारण असे घडता कामा नये. पण ज्या दोन बायकांनी तो प्रसंग निभावून नेला त्यांच्यापैकी एकीचा पगार बंद झाला होता, हेही त्याच ओळीत लिहिणे भाग आहे.

इतर दोष किरकोळ म्हणावे असे आहेत. गुरुवारी गर्दी असते आणि दोन-दोन तास थांबावे लागते. मुलांसाठी वेगळी जागा नाही, त्यामुळे बाहेरच्या खोलीत रडारड चालू असते. संध्याकाळी साडेपाचनंतर आणि रविवारी केंद्र बंद असते, आणि मारहाण काही कार्यालयीन वेळ पाहून होत नाही. त्या वेळांसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, तसेच १ एप्रिल २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या 'सखी' वन स्टॉप सेंटर योजनेत वैद्यकीय मदत, पोलीस साहाय्य, कायदेशीर सल्ला आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा यांची एकाच छताखाली तरतूद आहे. मग स्वयंसेवी केंद्र हवे कशाला, असा प्रश्न भिशीत निघाला होता. माझे उत्तर असे, की पाच दिवस संपल्यानंतरचे पाच महिने कुणाचे, हा प्रश्न कोणत्याही योजनेत सुटत नाही. महाराष्ट्रात तर हे दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा जुना दाखला आहे : १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या.

गरजेचा आवाका केवढा, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसते. २०१९ ते २०२१ या काळातील या पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या सुमारे १४ टक्केच होत्या. या कामासाठी जगात पैसा नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९६ साली स्त्रियांवरील हिंसाचार संपवण्यासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी स्थापन केला, दिल्लीत २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. परंतु श्रीमंत देशांच्या विकासमदतीतील एक टक्काही स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे २०२० साली विदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यास पूर्ण बंदी झाली. पूर्वी मुंबई-दिल्लीतील मोठी संस्था असा निधी घेऊन जिल्ह्यातील छोट्या संस्थांना वाटू शके. तो रस्ता आता बंद आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांसाठी मग कंपन्या उरतात, सरकारी योजना उरतात आणि आमच्यासारख्या भिशा उरतात.

पावतीविषयी लिहायलाच हवे, कारण आमच्या गटातील अर्धी भांडणे त्यावरून झाली. दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून प्रत्येकीने आपापल्या खात्यातून भरायचे ठरले. साधी पावती प्रत्येक वेळी आठवड्याभरात आली. सवलतीसाठी लागणारे १०बीई प्रमाणपत्र मात्र मे अखेरीऐवजी जुलैत आणि माझ्या तीन फोननंतर मिळाले. हिशेबनीस अर्धवेळ आहेत, हे कारण मला पटते, पण विवरणपत्र भरायची तारीख कुणासाठी थांबत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही सवलत तशीही नाही. आमच्यापैकी दोघींना हे पैसे भरल्यावर कळले, आणि त्यांनी ते माझ्यावर ढकलले. बँकेत होतीस ना, असे म्हणून.

ज्यांना येथे किंवा अशाच दुसऱ्या केंद्राला पैसे द्यायचे आहेत त्यांना अनुभवावरून एवढेच सांगते, की एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेल्या तारखेला येणारी लहान रक्कम केंद्राला अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर कुणाला तरी "पुढच्या महिन्यातही या" असे सांगता येते. किमान दोन वर्षांचा शब्द द्यावा. ताळेबंद जरूर मागावा. बायकांना भेटण्याची मागणी करू नये, आणि जुने कपडे पाठवू नयेत. बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांची तीन गाठोडी आधीच पडून आहेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर सेवेला साडेचार, जागेला दीड, कागदपत्रांना तीन.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही पुन्हा बसलो. "घरे मोडायला पैसे द्यायचे का?" असे म्हणणारी मैत्रीण गट सोडून गेली नाही, तिचे मत बदलले असेही ती म्हणत नाही, पण तिचे ५०० रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांच्या आधी जमा होतात. एक जण मुलाकडे पुण्याला राहायला गेली, दोन नव्या आल्या. कन्नड बोलणाऱ्या समुपदेशक ताई शनिवारी येऊ शकतील असे ठरले आहे आणि त्यांच्या मानधनासाठी आमचे पैसे वापरावेत असे आम्ही कळवले आहे. बारा जणींचे महिन्याला ६,००० रुपये होतात. त्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी जाऊन विचारून आले, त्यांचे भाडे नऊ हजार आहे.